मास स्पेक्ट्रोमेट्रीत नवे आहात? सोलापुरातून इस्मासपर्यंत असं पोहोचा

सोलापुरात केमिस्ट्रीत एम.एस्सी. झालेली मुलं-मुली साधारण तीन वाटांनी जातात. कोणी चिंचोळी एमआयडीसीतल्या औषध कंपनीच्या क्यूसीत (गुणवत्ता तपासणी विभागात) लागतं, कोणी निर्यातीच्या शेतमालाची तपासणी करणाऱ्या लॅबमध्ये, कोणी विद्यापीठात पीएच.डी.ला. एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातली संयुगं द्रवाच्या प्रवाहात वेगळी करणारं यंत्र, तिघांच्याही हाताखालून गेलेलं असतं. मग एक दिवस समोर एलसी-एमएस/एमएस येतं, म्हणजे तशाच यंत्राला जोडलेला मास स्पेक्ट्रोमीटर: रेणूंना विद्युतभार देऊन त्यांचे आयन करणारं आणि त्यांचं वस्तुमान मोजणारं यंत्र. यंत्राची किंमत कोटीच्या घरात. कंपनीचा इंजिनिअर दोन-तीन दिवस येतो, सॉफ्टवेअर दाखवतो आणि पुढच्या गावाला निघतो. त्यानंतर आलेखातलं पीक (संयुगाचा उंचवटा) अचानक निम्म्यावर आलं तर विचारायचं कोणाला? सीनिअर स्वतःच शिकत असतात, आणि कॉलेजातल्या सरांच्या काळात हे यंत्र सोलापुरात नव्हतंच.

ही अडचण ज्यांची आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. इंडियन सोसायटी फॉर मास स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे इस्मास, ही या विषयात काम करणाऱ्यांची आपल्या देशातली संस्था. तिचं सभासदत्व घेऊन बायोडेटात एक ओळ वाढवणारे पुष्कळ आहेत. पण सोलापूरसारख्या ठिकाणी काम करणाऱ्याला तिचा खरा उपयोग विचारण्यासाठी होतो. तुमच्या अडचणीतून दहा वर्षांपूर्वी गेलेला माणूस तिथे भेटतो. मात्र त्याला भेटायला जाताना आपल्याकडे नेमका प्रश्न हवा, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच हिशोबाने लावल्या आहेत.

पायरी पहिली: संस्था कोणती ते ठरवा

मास स्पेक्ट्रोमेट्रीची सुरुवात केंब्रिजमध्ये झाली. १९१२-१३ च्या सुमारास जे. जे. थॉमसन यांना निऑनचे २० आणि २२ वस्तुमानाचे दोन वेगळे पट्टे दिसले. त्यांचेच सहकारी फ्रान्सिस अॅस्टन यांनी १९१९ मध्ये मास स्पेक्ट्रोग्राफ बांधला आणि १९२२ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळवलं. भारतात हा विषय मुख्यतः अणुऊर्जेच्या कामातून वाढला. नैसर्गिक युरेनियममध्ये युरेनियम-२३५ फक्त ०.७२ टक्के असतं, आणि समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंचं) असं प्रमाण अचूक मोजायचं तर मास स्पेक्ट्रोमीटरला पर्याय नव्हता. म्हणून १९७८ मध्ये इस्मास स्थापन झाली तीही मुंबईत ट्रॉम्बेला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या आधाराने. आज तिच्या कार्यक्रमांत औषधं, प्रोटीन, अन्न, पर्यावरण असे सगळेच विषय असतात. तेव्हा ‘ती अणुवाल्यांची संस्था, आपलं तिथे काय काम’ असं मनात येत असेल तर ते काढून टाका.

अमेरिकेची अशीच संस्था एएसएमएस, १९६९ ची. ब्रिटनची क्रोमॅटोग्राफिक सोसायटी त्याहून जुनी, १९५६ मध्ये गॅस क्रोमॅटोग्राफीवर चर्चा करणाऱ्यांचा गट म्हणून सुरू झालेली. दोन्ही उत्तम आहेत, पण त्यांची वर्गणी परकीय चलनात आणि संमेलनं समुद्रापार. सुरुवातीला त्यांची गरज नाही. तुमचं काम पोटेन्शिओस्टॅट आणि इलेक्ट्रोडवर, म्हणजे विद्युत-रासायनिक मोजमापाचं, असेल तर मात्र इस्मासऐवजी इंडियन सोसायटी फॉर इलेक्ट्रोअॅनालिटिकल केमिस्ट्री पाहा. आपण रोज ज्या यंत्रापुढे बसतो त्याच यंत्राची संस्था निवडायची. एका वेळी एकच संस्था पुरे.

पायरी दुसरी: स्वतःचा एक प्रश्न तयार करा

फॉर्म भरण्याआधी हे करा. बहुतेक जण नेमकी हीच पायरी गाळतात, म्हणून इथे जरा जास्त थांबतो.

आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र केगावलाच आहे. युरोपात जाणाऱ्या डाळिंबात ज्या कीटकनाशकाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला सरसकट ०.०१ मिलीग्रॅम प्रति किलो ही मर्यादा लागते. म्हणजे एक टन फळात १० मिलीग्रॅम. एवढं कमी मोजायचं म्हणून तर एलसी-एमएस/एमएस लागतं.

आता कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक घ्या. त्याचा रेणुभार १९१. इलेक्ट्रोस्प्रेमध्ये, म्हणजे द्रावणाचे विद्युतभारित तुषार करणाऱ्या भागात, त्याला एक प्रोटॉन चिकटतो आणि पहिल्या क्वाड्रपोलमधून, म्हणजे ठरावीक वस्तुमानाचेच आयन सोडणाऱ्या गाळणीतून, १९२ चा आयन पुढे जातो. कोलिजन सेलमध्ये वायूच्या रेणूंवर आदळून तो तुटतो, मिथेनॉलचा रेणू म्हणजे ३२ बाहेर पडतात आणि १६० उरतो. तिसरा क्वाड्रपोल फक्त हा १६० पुढे सोडतो. खात्रीसाठी १९२ वरून १३२ अशी दुसरी जोडी पाहायची. १६० आणि १३२ यांच्या पीकचं एकमेकांशी असलेलं प्रमाण स्टँडर्डमधल्या प्रमाणाशी जुळलं तरच ते कार्बेन्डाझिम. हे आकडे सॉफ्टवेअरच्या मेथड फाइलमध्ये तयार मिळतात, म्हणून कोणी विचारत नाही की ३२ गेले ते कशाचे. तुम्ही विचारा. रोजच्या यादीतली पाच संयुगं घ्या आणि कागदावर त्यांची रचना काढून कुठला बंध तुटला ते शोधा. एवढं केलं की परिषदेतली निम्मी भाषणं समजू लागतात.

पुढचा भाग डाळिंबाचा स्वतःचा आहे. तपासणीला अख्खं फळ सालीसकट वाटलं जातं, आणि सालीत टॅनिन भरपूर. अर्क काढताना टॅनिनबरोबर इतरही अनेक पदार्थ उतरतात. कार्बेन्डाझिमच्याच वेळी कॉलममधून जे बाहेर येतात तेही स्प्रेमध्ये आयन व्हायला धडपडतात. गड्ड्याच्या यात्रेत शेजारच्या माणसाला मारलेली हाक जशी विरून जाते, तसा आपल्या संयुगाचा सिग्नल दबतो. निव्वळ सॉल्व्हंटमधलं १० पीपीबीचं (किलोमागे ०.०१ मिलीग्रॅमचं) स्टँडर्ड आणि डाळिंबाच्या अर्कात मिसळलेलं तेच १० पीपीबी, दोन्ही एकामागोमाग इंजेक्ट करा. पीक एरियातला फरक तुमच्या डोळ्यांसमोर येईल. फरक मोठा असेल तर कॅलिब्रेशन फवारणी नसलेल्या फळाच्या अर्कात करायचं, नाहीतर अर्क पातळ करून पुन्हा पाहायचं.

एवढं झालं की तुमच्याकडे प्रश्न आपोआप तयार होतो: ‘साल वेगळी आणि दाणे वेगळे काढून पाहिले तर सिग्नल किती दबतो? अर्क साफ करणारी पीएसए पावडर वाढवली तर फरक पडतो का, की त्यात संयुगच अडकून बसतं?’ या प्रश्नासाठी नवं यंत्र लागत नाही की प्रोजेक्टचा निधी लागत नाही. लॅबमध्ये आहे त्यातच तो सोडवायला घेता येतो.

अक्कलकोट रोडच्या बाजूला कापडाच्या तपासणीत असाल तर प्रश्न वेगळा येईल. चादर आणि टॉवेल युरोपात पाठवायचे तर अॅझो रंगांतून सुटणाऱ्या, बंदी असलेल्या अॅरोमॅटिक अमाइन्सची मर्यादा ३० मिलीग्रॅम प्रति किलो आहे. कापडाच्या तुकड्यातला रंग सायट्रेट बफरमध्ये ७० अंशांवर सोडियम डायथायोनाइटने तोडायचा आणि सुटलेली अमाइन्स जीसी-एमएसवर (वायूच्या प्रवाहात संयुगं वेगळी करणाऱ्या यंत्राला जोडलेल्या मास स्पेक्ट्रोमीटरवर) पाहायची. यातली काही अमाइन्स एकमेकांची आयसोमर (सूत्र तेच, रचना वेगळी) असतात आणि त्यांचे स्पेक्ट्रम जवळपास सारखे दिसतात, तेव्हा त्यांना वेगळं कसं ओळखायचं? हाही परिषदेत नेण्यासारखा प्रश्न आहे. औषध कंपनीत असाल तर २०१८ पासून नायट्रोसामाइन्सनी (कर्करोगाचा धोका असलेल्या अशुद्धींनी) सगळ्यांनाच कामाला लावलं आहे. वालसार्टन या रक्तदाबाच्या औषधात त्यातलं एनडीएमए सापडलं, त्याची मर्यादा दिवसाला ९६ नॅनोग्रॅम ठरली, आणि जिथे एचपीएलसी-यूव्हीवर भागत होतं तिथे मास स्पेक्ट्रोमीटर आलं.

पायरी तिसरी: अर्ज

ही पायरी छोटी आहे. चालू वर्षाचा अर्ज संस्थेकडूनच मागवा. मित्राने पाठवलेली जुनी प्रत भरू नका, त्यात वर्गणी आणि बँकेचा तपशील बदललेला असू शकतो. नाव पदवीच्या प्रमाणपत्रावर आहे तसंच लिहा, कारण पुढे प्रमाणपत्रं त्याच नावाने निघतात. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी हे आधीच ठरवून घ्यावं, म्हणजे शोधनिबंध एका नावावर आणि सभासदत्व दुसऱ्या नावावर असं होत नाही. अशा संस्थांच्या अर्जावर बरेचदा जुन्या सभासदाची सही लागते. ओळखीत कोणी नसेल तर विद्यापीठाच्या केमिकल सायन्सेस विभागात किंवा आपल्या कॉलेजच्या विभागप्रमुखांकडे चौकशी करा. संकोच नको. सही करणाऱ्याला त्यात आनंदच असतो. पैसे भरल्यावर यूटीआर क्रमांक अर्जाबरोबर पाठवा आणि पावती येईपर्यंत पाठपुरावा करा.

विद्यार्थी असाल तर लगेच आजीव सभासद होण्याची घाई करू नका. वर्ष-दोन वर्षं एखाद्या कार्यक्रमाला जाऊन या. या विषयात राहायचं हे पक्कं झालं की आजीव घ्या.

एक सावधगिरी. शोधनिबंधावर आपला ई-मेल छापून आला की ‘आदरणीय डॉक्टर, आमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत वक्ते म्हणून या’ अशी निमंत्रणं सुरू होतात, एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यालासुद्धा. नाव भारदस्त, शहर परदेशातलं, फी डॉलरमध्ये. खरी संस्था ओळखायची खूण सोपी आहे. तिची नोंदणी झालेली असते, पदाधिकारी सभासदांनी निवडलेले असतात, वार्षिक सर्वसाधारण सभेत हिशोब मांडला जातो. यातलं काहीच सापडलं नाही तर एक रुपयाही पाठवू नका.

पायरी चौथी: परवानगी आणि अॅबस्ट्रॅक्ट

कंपनीत काम करणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. क्यूसीतला डेटा तुमचा नसतो, कंपनीचा असतो, आणि कंत्राटी लॅबमध्ये तर तो गिऱ्हाइकाचा असतो. स्क्रीनचा फोटो काढून पोस्टरवर लावणं नोकरीवर बेतू शकतं. आधी क्यूए (गुणवत्ता हमी) प्रमुखांना लेखी विचारा: कोणतं संयुग, कोणता डेटा, कुठे दाखवणार. बॅच नंबर आणि गिऱ्हाइकाचं नाव कुठेही नको, फाइलच्या नावातसुद्धा नको. परवानगी मिळालीच नाही तर बाजारातून आणलेल्या डाळिंबावर किंवा चहातल्या कॅफिनवर काम करा. कॅफिनचा १९५ वरून १३८ हा बदल शिकायला फार चांगला आहे, आणि त्यावर कोणाचं गुपित नाही.

कॉलेजात यंत्रच नसेल तर आयआयटी मुंबई आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सैफ केंद्रं आहेत. बाहेरच्या विद्यार्थ्यांचे नमुने तिथे फी घेऊन तपासले जातात. देशात कुठे कोणतं यंत्र वापरायला मिळतं याची नोंद केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर सापडते. नमुना पाठवताना सॉल्व्हंट, अंदाजे तीव्रता आणि अपेक्षित रेणुभार लिहाच. मीठ किंवा फॉस्फेट बफर असेल तर तेही सांगा. फॉस्फेट सोर्समध्ये (आयन तयार होतात त्या भागात) साचतं, मग ऑपरेटर तुमचा नमुना बाजूला ठेवतो आणि त्याचं बरोबरच असतं.

अॅबस्ट्रॅक्टमध्ये (परिषदेला पाठवायच्या गोषवाऱ्यात) ‘मास स्पेक्ट्रोमेट्री हे अत्यंत संवेदनशील तंत्र आहे’ अशी सुरुवात नको. वाचणारे तेच काम करतात. पहिल्या वाक्यात प्रश्न लिहा, दुसऱ्यात काय केलं, तिसऱ्यात आकडा. ‘सालीच्या अर्कात सिग्नल इतके टक्के दबला, दाण्यांच्या अर्कात इतके’ एवढं स्पष्ट असलं की निवड करणाऱ्याला थांबून वाचावंसं वाटतं. इंग्रजीची धास्ती असेल तर आधी मराठीत लिहून घ्या, मग छोट्या-छोट्या वाक्यांत इंग्रजी करा. वाक्य लहान असलं की व्याकरणही सांभाळलं जातं.

पायरी पाचवी: पोस्टर

सोलापुरात फ्लेक्सवाले भरपूर आहेत. वाढदिवसाचं बॅनर तासाभरात देतात. पण क्रोमॅटोग्रामची (पीक दाखवणाऱ्या आलेखाची) बारीक रेघ फ्लेक्सवर फुटते आणि लांबून दिसत नाही. त्यांना पीडीएफ द्या, व्हॉट्सअॅपवरून फोटो पाठवू नका. शक्य असेल तर जाड मॅट कागदावर छापून घ्या. रेघेची जाडी सॉफ्टवेअरमध्येच वाढवा, अक्षांवरचे आकडे दोन हातांवरून वाचता येतील एवढे मोठे ठेवा. सॉफ्टवेअरमधून आलेला काळ्या पार्श्वभूमीचा स्क्रीनशॉट तसाच चिकटवू नका. मोजमाप आयोजकांनी दिलेलं असतं, त्यापेक्षा रुंद केलं तर बोर्डावर मावत नाही आणि शेजारच्याशी वाद होतात. पोस्टर ट्यूबमध्ये घालून हातात न्या, बोगीत सीटखाली सरकवलं तर दुमडतं.

पायरी सहावी: तिथे गेल्यावर

कार्यक्रम मुंबईत असेल तर रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरून सकाळी दादरला उतरता येतं. पुण्यात असेल तर सकाळची हुतात्मा. तिकीट अॅबस्ट्रॅक्ट स्वीकारल्याचा मेल आला त्याच दिवशी काढा, या गाड्यांना वेटिंग लवकर लागतं. कार्यक्रम अणुसंशोधन केंद्राच्या आवारात असेल तर प्रवेशासाठी ओळखपत्राचा तपशील आधी पाठवावा लागतो. आयोजकांचा तसा मेल आला की त्याच दिवशी उत्तर द्या.

मुख्य परिषदेआधी एखादी कार्यशाळा असेल तर नवख्याने परिषदेपेक्षा तिला जास्त महत्त्व द्यावं. माझ्या मते दोन्ही परवडत नसतील तर कार्यशाळा घ्यावी. परिषदेत नवे निष्कर्ष ऐकायला मिळतात, कार्यशाळेत सोर्स कसा साफ करायचा, ट्यूनिंगचा रिपोर्ट कसा वाचायचा आणि व्हॅक्यूम का बिघडतो ते समजतं. सोलापूरला परत आल्यावर पहिल्या आठवड्यात हेच लागतं.

सभागृहात मागच्या रांगेत बसू नका. दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बसलं की चहाच्या सुट्टीत वक्त्यापर्यंत पोहोचता येतं. प्रश्न वहीत एका ओळीत लिहून ठेवा आणि तेवढाच वाचा. ‘सर, आय हॅव अ डाउट’ म्हणून लांबण लावण्यापेक्षा ‘डाळिंबाच्या सालीत कार्बेन्डाझिमचा सिग्नल दबतो, तुम्ही इंटर्नल स्टँडर्ड कोणतं वापरलंत?’ असं विचारा. इंग्रजी अडलं तर हिंदीत विचारा, आणि समोरचा मराठी असेल तर मराठीत. आपल्याकडची पुष्कळ मुलं घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात, शाळा मराठीत, कॉलेज इंग्रजीत. तीन-चार भाषा पेलणाऱ्याने एका अडखळलेल्या वाक्याची लाज बाळगायचं कारण नाही.

यंत्र कंपन्यांच्या स्टॉलवर पिशवी आणि पेन मिळतं, ते घ्या. पण तिथे अॅप्लिकेशन केमिस्टही असतो, त्याला गाठा. विक्रीचा माणूस वेगळा आणि अॅप्लिकेशनचा वेगळा. दुसऱ्याने अनेक लॅबमधल्या अडचणी पाहिलेल्या असतात. त्याला आपला क्रोमॅटोग्राम दाखवायचा तर परवानगी घेतलेलाच दाखवा.

आपल्या पोस्टरसमोर उभं राहणं सगळ्यात महत्त्वाचं. जेवणाच्या सुट्टीत सगळे पांगतात, तुम्ही थांबा. कोणी ‘हे चुकीचं आहे’ म्हणालं तर वाद घालू नका, का ते विचारा आणि त्यांच्यासमोरच लिहून घ्या. नाव आणि ई-मेल मागून घ्या.

पायरी सातवी: परत आल्यावर

आठवड्याच्या आत त्या लोकांना मेल करा. चार ओळी पुरतात: कुठे भेटलो, तुम्ही काय सुचवलंत, मी ते करून पाहिलं तर काय दिसलं. शेवटची ओळ असेल तर उत्तर हमखास येतं, कारण सल्ला ऐकून तो करून पाहणारे फार थोडे.

मग सोलापुरातल्या सोलापुरात चार-पाच जण जमवा. चिंचोळीतले एक-दोन, विद्यापीठातले एक-दोन, डाळिंबावर काम करणारा एखादा. महिन्यातून एका रविवारी बसायचं, एकाने एक स्पेक्ट्रम आणायचा आणि बाकीच्यांनी संयुग ओळखायचं. गोपनीय काही आणायचं नाही हा नियम पहिल्याच बैठकीत करा. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, कॉलेजं वक्ते शोधत असतात. इस्मासच्या ओळखीतून मुंबई-पुण्याचा एखादा शास्त्रज्ञ त्या दिवशी सोलापुरात आणता येतो. पत्र प्राचार्यांच्या सहीने, निदान दोन महिने आधी पाठवा. प्रवासखर्च कोण करणार ते पत्रातच स्पष्ट लिहा. वक्ते आले की भाषणानंतर त्यांना तासभर मुलांबरोबर लॅबमध्ये बसवा, हार-तुरे आटोपते घ्या.

सर्वसाधारण सभेची नोटीस आली की वाचा, मतदान असेल तर करा. कार्यशाळा मुंबईबाहेरही व्हावी, सोलापूर-लातूर-धाराशिवच्या मुलांना प्रवासाची सवलत मिळावी असं वाटत असेल तर ते मांडायची जागा तीच. आणि नोकरी बदलून हैदराबादला किंवा पुण्याला गेलात तर संस्थेला नवा पत्ता आणि ई-मेल लगेच कळवा. कंपनीचा मेल राजीनाम्याच्या दिवशी बंद होतो, म्हणून सभासदत्वाला पहिल्यापासून स्वतःचाच ई-मेल द्या.